चार रशियन बाया आणि जेनीचे पप्पा

आल्यापासून नळावर, चर्चात मिस्सा सुटल्यावर, बाजारात, सगळ्या जणी एकच विचारतात, दुबई कशी काय गो? मी दुबईला गेलेच नाही. मी शारजाला गेले, तिथं रोल्ला म्हणून जागा आहे तिथं राहिले, आणि एक दिवस फुजैराला जाऊन आले, ते पार पलीकडच्या समुद्राला आहे. पण आपल्याकडं आखातात कुठंही गेलं तरी दुबईच म्हणतात, तर म्हणू दे. आमच्या सिस्टर म्हणाल्या, जे सगळ्यांना सांगत बसतेस तेच वहीत लिही, चर्चच्या अंकात घालू. मी आठवीतून शाळा सोडलेली, त्यामुळं जसं बोलते तसंच लिहिते, चुकलं तर सांभाळून घ्या.

कशाला गेले ते आधी सांगते. आमचे हे, बस्त्याव, तिकडं हॉटेलात वेटर आहेत. ते गेले तेव्हा मला पाचवा महिना होता. जेनी झाली, बसायला लागली, चालायला लागली, बडबडायला लागली, आणि बाप काय तो तिनं शोकेसमधल्या फोटोत बघितला. रोज झोपताना त्या काचेला पापी द्यायची. ह्यांना सुट्टी काही मिळेना, मग ह्यांनीच आमच्या दोघींचा महिन्याचा व्हिजिट व्हिसा काढला. निघताना सासूबाई म्हणाल्या, "तुला काय बघायचंय ते बघ नाहीतर नको बघू. पोरीला बापाची ओळख करून आण. त्याची सुट्टी अजून दोन वर्षं नाही, तोवर पोर शाळेत जाईल, मग ओळख झाली काय नि नाही झाली काय."

एवढंच काम होतं माझं. तीस दिवस होते.

शारजा, विमानतळ

विमानाचं काय सांगू, मी बेल्ट काढलाच नाही, संडासला पण गेले नाही, जेवणाचा ट्रे आला तर हात लावला नाही, मला वाटलं हात हलवला तर विमान एका बाजूला होईल. जेनी मजेत होती. खिडकीतून ढग बघून "कापूस, कापूस" करत होती.

बाहेर आले तर हे उभे. किती वाळलेले. गालांची हाडं दिसत होती. हातात मोठी बाहुली, केसांची, डोळे मिटणारी. हे जेनीकडं बघून हात पसरून आले, आणि जेनीनं अशी किंकाळी फोडली की वर्दीवाला पोलीस दोन पावलं पुढं आला. मी तिला म्हणते, "अगो पप्पा, तुझे पप्पा, फोटोतले पप्पा," आणि ती माझ्या मानेला नखं लावून ओरडते, "अंकल नको! अंकल नको!" तिचं तरी काय चुकलं. फोटोतला माणूस काचेच्या आत असतो, तो एकदम अंगावर आला तर कोण नाही घाबरणार.

ह्यांनी हात खाली केले आणि बॅग उचलली. बाहुली टॅक्सीत पुढच्या सीटवर ठेवली, ह्यांच्या मांडीवर.

रोल्ला

हॉटेलनं ह्यांना राहायला दिलंय तिथं बायकामाणसांना आत सोडत नाहीत. म्हणून आम्ही दोघी सिसिल आंटींकडं राहिलो. त्या आमच्या शेजारच्या गावच्या, त्यांचे मिस्टर ऑफिसात आहेत, दोन मुली इंग्लिश शाळेत जातात. त्यांनी आम्हाला एक खोली महिन्यापुरती दिली. आता त्यात भानगड अशी की तिथल्या मालकाचा नियम, एका घरात एकच कुटुंब. आणि बिल्डिंगचा राखणदार, त्याला तिकडं नातूर म्हणतात, तो केव्हाही येऊन बघून जायचा. बेल वाजवायची त्याला सवय नाही. हाताचा पंजा दारावर आपटायचा, थाड, थाड, थाड. तीनदा. म्हणजे समजायचं नातूर आला.

पहिल्यांदा आला तेव्हा माझ्या हातातून चहाची बशी पडली.

"आंटी, मला धरून नेतील का?"

"काय धरून नेतायत! तुझा व्हिसा पक्का आहे. नातूर मालकाला सांगेल, मालक आम्हाला सांगेल घर खाली करा, खलास. तुला काय होतंय? आमचंच जायचं."

म्हणजे माझ्यामुळं आंटींचं घर जाणार, हे तर आणखी वाईट. मला झोप लागेना. मग मी जेनीला एक खेळ शिकवला. तीन ठोके पडले की पळायचं, जो मोठा माणूस जवळ असेल त्याचे पाय घट्ट धरायचे, डोकं आत घालायचं, आणि एक आवाज काढायचा नाही. जवळ मी असेन तर मला, आंटी असतील तर आंटींना. मग मोठा माणूस तिला उचलून कपाटाच्या मागं घेऊन जाणार. पोर हुशार. दोन दिवसांत शिकली. मी पण कपाटामागं जाऊन तोंडावर पदर धरायचे. आंटींच्या मुली हसायच्या, "आंटी, यू आर सो फनी."

बाकी रोल्ला म्हणाल तर आपल्यासारखंच. दुकानावर साड्या टांगलेल्या, सोन्याची दुकानं एकाला एक लागून, मल्याळी लोकांच्या किराण्यात आपले सुके बोंबील प्लास्टिकात बांधलेले, त्याला वास पण नाही, मला बोंबलाची दया आली. संध्याकाळी मैदानात एवढे पुरुष, एवढे पुरुष, नुसते पुरुष बसलेले, कोणी चिठ्ठी वाचतोय, कोणी नुसता रस्त्याकडं बघतोय. आणि एक मजा, तिकडं रविवारची मिस्सा शुक्रवारी. शुक्रवारी सुट्टी असते ना. देव पण शुक्रवारी येतो असं हे म्हणाले. चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती.

ह्यांची ड्युटी तुटक, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा, मधले दोन-तीन तास मोकळे. ते दोन-तीन तास रोज बसनं यायचे. काय काय करून बघितलं त्या माणसानं. चॉकलेट आणलं, तिनं घेतलं आणि माझ्यामागं जाऊन खाल्लं. पाळण्यावर बसवलं, ती उतरून आली. नॅपकिनचा ससा करून दाखवला, हॉटेलात शिकवतात तसला, कान उभे असलेला. ससा तिनं घेतला. ससा देणाऱ्याकडं बघितलं नाही. आंटींची थोरली म्हणाली, "शी इज स्केअर्ड ऑफ यू, अंकल." हे म्हणाले, "यस बेबी, आय नो."

अठरावा दिवस असेल. हे जमिनीवर बसून संत्रं सोलत होते, जेनी त्यांच्यापासून हातभर लांब बाहुलीला झोपवत होती, मी पलीकडं भिंतीशी कपडे घडी करत होते. आणि दारावर थाड, थाड, थाड. नियम काय होता, जवळच्याचे पाय धर. जवळ हे होते. जेनी उठली, ह्यांच्या गुडघ्याला घासून, त्यांना ओलांडून, अख्खी खोली पळत माझ्याकडं आली.

नातूर गेला. हे संत्रं सोलतच होते. सगळ्या शिरा काढल्या, एकेक फोड वेगळी केली, ताटलीत गोल मांडली. कोणीच खाल्लं नाही.

"राहू दे गो," म्हणाले. "ओरडत तर नाही आता."

मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं, हे काही व्हायचं नाही. आम्ही जाणार आणि हा माणूस अंकलच राहणार.

फुजैराच्या वाटेवर

मग हे एक दिवस येऊन म्हणाले, "उद्या फुजैराला एका शिपिंग कंपनीचं जेवण आहे, आमच्या हॉटेलचं. कॅप्टन बोलला फॅमिलीला घेऊन ये, व्हॅनमध्ये जागा आहे, समुद्र बघतील." कॅप्टन म्हणजे वेटरांचा वरचा. गोव्याचा होता, देव त्याचं भलं करो.

व्हॅनमध्ये जागा होती म्हणजे काय, चार रशियन बायका होत्या आणि त्यांच्या वाद्यांच्या पेट्या होत्या. ह्या बायका ह्यांच्याच हॉटेलात रोज संध्याकाळी खाली सोफे मांडलेत तिथं काळे झगे घालून व्हायोलिनं वाजवतात. व्हॅनमध्ये मात्र पायात स्लिपर, एकीच्या डोक्याला टॉवेल, एक सूर्यफुलाच्या बिया फोडून टरफलं रुमालात थुंकत होती. तीन पेट्या लहान आणि एक माणसाएवढी मोठी. त्या मोठ्या पेटीला खिडकीची सीट, वर बेल्ट बांधलेला. मला एका रिकाम्या क्रेटवर बसवलं.

"पेटीला सीट आणि मला क्रेट?" मी ह्यांना म्हटलं.

"पेटी पडली तर फुटते. तू पडलीस तर उठून भांडशील."

बाबूचेट्टन, ड्रायव्हर, मल्याळी, त्यांनी "यल्ला" म्हणून गाडी काढली. बिया फोडणारी बाई जेनीकडं बघत होती. तिचं नाव लुडा. किचनमधल्या आपल्या पोरांकडून हिंदी शिकलेली, ना का ना की.

"तुम्हारा बेबी? बहुत गुस्सा."

"गुस्सा नहीं," मी म्हटलं, "डर."

"डर मालूम," ती म्हणाली. "मेरा भी बेबी. सात साल. उधर, मम्मी के पास." उधर म्हणताना तिनं हात खिडकीतून पार डोंगराच्या पलीकडं केला.

मला काय झालं कोण जाणे, मी कधी परक्या माणसाशी बोलत नाही, पण मी म्हटलं, "मेरा पापा भी बजाता है. व्हायोलिन. चर्च में." हे खरंच आहे, माझा पापा आमच्या चर्चच्या गायन मंडळात चाळीस वर्षं व्हायोलिन वाजवतो, लग्नाला वाजवतो, मयतीला वाजवतो. चारी बायका एकदम वळल्या. काय वाजवतो, काय वाजवतो, गाऊन दाखव म्हणे. मी घाबरले, आणि घाबरल्यावर मला मयतीचंच आठवलं, शवपेटी घरातून उचलताना वाजवतो ते. तेच मी तोंडानं गुणगुणले.

"अच्छा! शादी का?" लुडानं विचारलं.

ह्यांनी हळूच सांगितलं, "नो मॅडम. डेड पीपल."

त्या खो खो हसल्या. मग हसणं थांबलं आणि मोठ्या पेटीवाली, तिचे केस पांढरे होते, ती म्हणाली पुन्हा. मी पुन्हा गुणगुणले. तिनं डोळे मिटून ऐकलं, मान हलवली, रशियनमध्ये काही बोलली. लुडा म्हणाली, "वो बोला, सब जगह सेम."

मी पिशवीतली सुकेळी काढून सगळ्यांना दिली. आमच्या वसईची वाळवलेली केळी, मधासारखी चिकट. त्यांना एवढी आवडली, पण मग बोटं चिकटली आणि त्या बोटांनी पेट्यांना हात लावायचा नाही, म्हणून चौघी हात वर धरून बसल्या, पोलीस पकडतो तसे, पुढच्या पाण्यापर्यंत. जेनी हसली. ह्या देशात आल्यावर पहिल्यांदा मोठ्यानं हसली. हे पुढच्या सीटवरून मागं वळून बघत होते. तिनं त्यांना बघितलं आणि हसणं बंद केलं.

वाटेत मसाफीला बाजार लागतो, गालिचे, मडकी, फळं, सगळं रस्त्याच्या कडेला. तिथं केळी विकत घेताना मला एवढी लाज वाटली, वसईची मुलगी केळी विकत घेते. आणि डोंगर असे की झाड म्हणून नाही. गवताची काडी नाही. नुसता दगड, तपकिरी, जळलेला, एकामागं एक. आपल्याकडं डोंगर म्हटलं की हिरवं काहीतरी असतंच, निदान निवडुंग. मला वाटलं ह्याच्या पलीकडं काय असणार, काही नसणार. आणि एका वळणावर समोर सगळा समुद्र.

फुजैरा

समुद्राच्या आधी मला वास आला. मी व्हॅनमधून उतरले आणि चालतच गेले, हे मागून हाका मारतायत. वाळूत मासळी सुकत टाकली होती, बारीक तारल्यासारखी, चांदीच्या पत्र्यासारखी लांबपर्यंत. दूर मोठी मोठी जहाजं तेलाची वाट बघत उभी, आणि अलीकडं ही मासळी. बाईमाणूस एक नाही, सगळे बापे. मी वाकले आणि मासळी परतायला लागले, आई परतते तशी, दोन बोटांनी. तिथला बांगलादेशी भाऊ म्हणाला, "बहनजी, छोड़ दो, हाथ गंदा होगा." मी म्हटलं, "होऊ दे." मराठीतच म्हटलं. त्याला कळलं. तो बाजूला सरकला. मी एक ओळ परतली. घरची एवढी आठवण मला त्या महिन्यात दुसऱ्या कशानं आली नाही, आणि गंमत बघा, घरी असताना ह्याच वासाला मी नाक मुरडते.

हॉलमध्ये आले तेव्हा दुपार होती. मोठा हॉल, गोल टेबलं, जमिनीपर्यंत पांढरे कपडे. हे आणि बाकीचे वेटर ग्लास मांडत होते. कॅप्टन म्हणाला, मॅनेजर अजून आलेला नाही, भाभी, बसा कोपऱ्यात. मी एका टेबलाशी बसले. जेनी टेबलांच्या मधून नॅपकिन मोजत फिरत होती, एक, दोन, पाच.

चौघी पुढं स्टेजवर बसल्या. आधी रात्रीचं वाजवून बघितलं, गोड गोड, जेवताना ऐकायला. मग पांढऱ्या केसांची काहीतरी बोलली, बाकीच्यांनी खुर्च्या जवळ ओढल्या. लुडा माझ्याकडं बघून ओरडली, "अब हमारा!"

नंतर कळलं की ते एका रशियन माणसानं लिहिलेलं होतं. फार मोठा माणूस, म्हणे. त्याचं नाव तिनं मला दोनदा सांगितलं, दोनदा मी म्हटलं, दोनदा विसरले. त्यानं असली चार वाद्यांची पुष्कळ लिहिली, त्यातलं हे, लढाईत बेचिराख झालेलं एक शहर बघून आल्यावर तीन दिवसांत लिहिलं.

मला गाण्यातलं फार कळत नाही, पण पापाची मुलगी आहे, एवढं सांगते. आधी मोठं व्हायोलिन एकटं, अगदी खालून, चार सूर. एक बारीक पाऊल वर, मग मोठी उडी खाली, अजून एक बारीक खाली. मग तेच चार सूर लुडानं घेतले, मग दुसरीनं, मग तिसरीनं. हळू. जसं कोणी एकाच माणसाचं नाव चार खोल्यांत जाऊन घेतंय. परत आल्यावर मी पापाला ते चार सूर गुणगुणून दाखवले, त्यानं व्हायोलिन काढून शोधले आणि म्हणाला, "हे गाणं घरातून निघतं आणि दाराशीच परत फिरतं गो." मला तर पहिल्यापासून मयतच वाटत होती. मी डोक्यावर पदर घेतला, क्रूस केला, उठून उभी राहिले. आपल्याकडं उभं राहतात ना. ग्लास पुसणारा एक वेटर बघायला लागला, मग मी बसले.

आणि मग एकदम असं जोरात, एवढं जोरात आणि भराभर, चौघी गज आपटतायत असं, केस तोंडावर, जसं आग लागलीय आणि घागरी भरतायत. मग वेडावाकडा नाच. मधे थांबायचं नावच नाही, एक संपलं की दुसरं त्यातूनच निघायचं. मग सगळं थांबलं. एकीच्या व्हायोलिनचा एकच सूर राहिला, बारीक, मच्छरासारखा, लांब. आणि त्यावर बाकीच्या तिघींनी,

थाड, थाड, थाड.

मी सांगते, मला एक क्षण कळलं नाही मी कुठं आहे. मी खुर्चीवरून खाली आणि टेबलाच्या कपड्याच्या आत, पदर तोंडावर. गुडघ्याला लागलं ते नंतर कळलं. आत अंधार, आणि मग आठवलं, जेनी! जेनी बाहेर आहे. मी कपडा वर केला.

हॉलच्या मधोमध हे उभे होते. दोन्ही हातांत ग्लासांचा मोठा ट्रे, तीस-चाळीस उभे ग्लास. आणि त्यांच्या दोन पायांमध्ये डोकं खुपसून, काळी पँट मुठीत धरून, जेनी. गप्प. एक आवाज नाही.

थाड, थाड, थाड, पुन्हा वाजलं. तिनं आणखी घट्ट धरलं.

ह्यांना हात लावता येत नव्हता. ट्रे ठेवायचा तर चार पावलं जायला पाहिजे, आणि चार पावलं गेले तर ती सोडेल. म्हणून ते उभे राहिले. मी टेबलाखालून बघतेय. दुसरा वेटर ट्रे घ्यायला आला, ह्यांनी मानेनं नको म्हटलं, कारण तो जवळ आला असता तर ती बिचकली असती. ग्लास एकमेकांना लागून किणकिण करायला लागले. आणि वाजवणं चालूच. मोठ्या व्हायोलिननं एकदम उंच, बाईच्या आवाजात काहीतरी गायलं, जसं लांबून कोणी कोणाला नावानं बोलावतंय. मग पुन्हा ते ठोके. मग पुन्हा ते चार सूर, हळू, आणखी हळू, विझत. ह्या सगळ्या वेळात तो माणूस ट्रे धरून उभा. डोळ्यांतून पाणी हनुवटीपर्यंत आलं, पुसायला हात नाही.

मला जाऊन ट्रे घेता आला असता. मी गेले नाही. मी टेबलाखालीच बसून राहिले, मला वाटलं मी दिसले की ती माझ्याकडं येईल.

संपल्यावर पण ती सोडेना. मग कॅप्टननं येऊन ग्लास एकेक करून उचलले, जसं बॉम्ब काढतात तसे हळू. शेवटचा ग्लास गेल्यावर हे खाली बसले. जेनीनं वर बघितलं आणि कुजबुजत विचारलं, "नातूर गेला?"

"गेला," हे म्हणाले.

"उचल," ती म्हणाली.

लुडा माझ्याकडं आली, मी अजून जमिनीवरच. "तुम टेबल नीचे क्यों?"

मी तिला सांगितलं. दार, नातूर, कपाट, खेळ, सगळं. मला लाज वाटत होती. ती हसली नाही. माझ्या बाजूला जमिनीवरच बसली.

"वो लिखनेवाला भी," ती म्हणाली. "हमारा उधर, पुराना टाइम, ऐसा दरवाजा बजता, आदमी जाता, वापस नहीं आता. वो बहुत डर में था. तुम ठीक सुना. खानावाला लोग नहीं सुनता, तुम सुना." मग तिनं मला चार सुरांचं सांगितलं. त्यांच्याकडं सुरांना अक्षरांची नावं असतात, त्या अक्षरांत त्यानं स्वतःचं नाव घातलंय. सगळीकडं तेच नाव. कोणी त्याला विसरू नये म्हणून असेल, मी म्हटलं. तिनं खांदे उडवले. "या खुद को याद. मैं हूं, मैं हूं."

मग जेनीकडं बघत राहिली, ह्यांच्या खांद्यावर ती झोपली होती. "मैं फोन करता," लुडा म्हणाली, "मेरा बेबी पूछता, कौन बोल रहा है."

मी उरलेली सुकेळी सगळी तिला दिली.

परत रोल्ला

रात्री उशिरा व्हॅननं परत आलो. घरी आल्यावर हे म्हणाले, "माझ्याकडं आली गो. आपण होऊन आली."

मी हो म्हटलं. मी लपले नसते, तिला दिसत असते, तर ती कुणाकडं गेली असती, हे मी स्वतःला किती वेळा विचारलंय. ह्यांनी विचारलं नाही. आणि ती भीतीनं गेली, प्रेमानं नाही, हे पण खरं. भीती मीच शिकवली होती. पण सिसिल आंटी म्हणाल्या, "लग्नाच्या दिवशी तू काय प्रेमानं गेली होतीस त्याच्याकडं? थरथरत होतीस. मी होते ना." ते पण खरं.

नंतरचे दिवस कसे गेले ते मला सांगता येत नाही, एवढे भरभर गेले. बसच्या टायमाला ती दाराशी जाऊन उभी राहायची. "पप्पा" म्हणायला लागली. ह्यांच्या बुटांत पाय घालून घरभर फिरायची. ह्यांनी संत्रं सोललं की ती शिरा काढलेल्या नाहीत म्हणून रागवायची, आणि हे खुशाल रागावून घ्यायचे. मी बाजूला बसून बघायचे. मला वाटायचं एक महिना अजून. एक आठवडा अजून. मग वाटायचं नको, जेवढं वाढेल तेवढं तोडायला कठीण.

पुन्हा विमानतळ

आमचं विमान दुपारचं. टॅक्सीत जेनी ह्यांच्या मांडीवर झोपली, दोन्ही हात ह्यांच्या शर्टात. मी म्हटलं बरं झालं, झोपेतच घेऊन जाते, रडारड नको. हे पण म्हणाले, "हो, उठवू नको."

जिथून त्यांना पुढं सोडत नाहीत तिथं आम्ही थांबलो. त्यांनी तिला माझ्या खांद्यावर दिलं, एकेक बोट शर्टातून सोडवलं. तिनं झोपेतच तोंड वाकडं केलं आणि परत झोपली. मी लाइनीत गेले. मागं वळून बघितलं तर हे तिथंच. दोन वर्षं. पुढच्या वेळी ही पाच वर्षांची असेल. हे हात हलवत नव्हते, कोणाकडं हलवणार, ती झोपलेली. नुसते तिच्या पाठीकडं बघत होते, आणि मला त्यांच्या तोंडावरून कळलं की त्यांना काय पाहिजे होतं आणि ते मागत नव्हते.

मी हात खाली नेला आणि तिच्या मांडीला जोरात चिमटा काढला.

ती किंचाळून उठली. डोकं वर केलं, इकडं तिकडं बघितलं, मागं ते दिसले, आणि अशी हंबरली, "पप्पा! पप्पा! पप्पा!" की सगळी लाइन मागं वळली, वर्दीवाला पण वळला. हात पसरून माझ्या खांद्यावरून खाली पडायला आली. मी तिला घट्ट धरून पुढं चालत राहिले, ती ओरडतच होती, पार आतपर्यंत, विमानाच्या शिडीपर्यंत ओरडली.

तो चिमटा मी काढला हे ह्यांना अजून माहीत नाही. सासूबाई आता त्यांना हा अंक पाठवतील, तेव्हा कळेल. तिच्या मांडीवर चार दिवस निळं होतं.